दानम्माची जीभ

पाटोद्यात चीज कुणी खात नाही. पोरं पिझ्झ्यावरचं खातात, ते तार धरतं म्हणून. वर्षाराणी शेटेनं स्वतःच्या हातानं केलेलं चीज दुकानाच्या काचेत ठेवलं तेव्हा पहिल्या महिन्यात तीन गिऱ्हाइकं थांबली आणि तिघांनीही एकच विचारलं, "शेट, हा खवा नासलाय का?"

दुकान तिच्या सासऱ्याचं. गुरुपाद शेटे, लिंगायत वाणी. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, दुकानामागं खव्याची भट्टी. लग्नसराईत त्यांच्या खव्यासाठी माणसं सकाळी सहाला येऊन उभी राहतात. वर्षाराणी उदगीरला दुग्धशास्त्र शिकली. सोयरीक करताना गुरुपाद सगळ्यांना सांगत होते, सून दुधातली शिकलेली आहे. लग्नानंतर दोन वर्षं ती पेढ्याचे खोके दुमडत बसली. शिकलेली सून घरात आणायची आणि तिला खोके दुमडायला लावायचे, याला आपल्याकडं चांगलं घराणं म्हणतात.

तिसऱ्या वर्षी तिनं मागची खोली मागितली. तिथं आधी पेंडीची पोती असायची. दगडी भिंती, उत्तरेला तोंड, उन्हाळ्यातही फरशीवर पाय गार पडतो. तिनं जुना एसी बसवला, फळ्या मारल्या, आणि दूध साकळायचं औषध पुण्याहून मागवलं. वनस्पतीचं, वासराच्या पोटातलं नव्हे. हे तिनं घरात चार वेळा सांगितलं. तीन तऱ्हेचं चीज ती करायची. एक ताजं, चार दिवसांचं. एक काळे मिरे घातलेलं. एक कापडात बांधून सहा महिने मुरवलेलं. या मुरलेल्याचे चाळीसेक गोळे फळ्यांवर होते आणि त्यांना रोज उलटावं लागायचं, नाहीतर खालची बाजू ओली राहून बुरशी धरते.

यंदा गुरुपादांनी सांगून टाकलं. "चैत्र संपस्तोवर ठेव. मला तिथं खव्याचा दुसरा फ्रीज लावायचाय. तवर एक कायमचं गिऱ्हाईक आण. न्हाई आलं तर खोली रिकामी कर."

वर्षाराणी बरं म्हणाली. दुसरं म्हणायला जागा नव्हती. बीडला दोन हॉटेलांत नमुने देऊन आली. एकानं फोन उचलला नाही, दुसऱ्यानं उचलला आणि पनीरचा भाव विचारला.

गुढीपाडवा झाल्यावर चार दिवसांनी विजयसिंह आला. पांढरी गाडी, मागं दोन माणसं. विजयसिंहाची जमीन किती हे त्यालाही एका दमात सांगता येत नाही. एकदा जिल्हा परिषदेत होता, पुन्हा जायचंय. मांजरसुंब्याच्या अलीकडं सीताफळाच्या बागेत त्यानं मळ्यावर पर्यटन काढलंय. पत्र्याचा मोठा हॉल, प्लास्टिकचं गवत, बैलगाडी. बैलगाडीत बसून बीडचे लोक फोटो काढतात. त्यांच्यातल्या निम्म्यांचे बाप बैलगाडीतच बीडला आलते.

"शेट, सूनबाई चीज करती म्हणं."

"करती. हौस हाय," गुरुपाद म्हणाले.

"हौस कावून? धंदा करू की त्याचा. रविवारी मळ्यावर कार्यक्रम ठिवलाय. नवशिक्यांसाठी वाइन आणि चीज. डॉक्टर, वकील, ठेकेदार, समदे येणार. जमलं तर दर रविवारी, बारा महिने."

गुरुपादांच्या कानात एकच शब्द राहिला. "वाइन म्हंजे…"

"द्राक्षाचा रस. जुना झालेला."

"दारू."

"तुमी म्हणलात तर दारू. पण बाटली माझी, चीज तुमचं. आमच्या पोराच्या जावळाला खवा तुमचाच गेलता ना? त्या पंगतीत सात बोकडं पडलती. तवा विचारलंत का, शेट, खव्याशेजारच्या पातेल्यात काय हाय म्हणून?"

विजयसिंहाच्या मागचे दोघं हसले. गुरुपाद हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. दुकानापुढं त्यांचा टेम्पो उभा राहतो ती जागा गावठाणाची आहे. ती किती दिवस गावठाणाची राहील हे विजयसिंहाच्या हातात आहे.

विजयसिंहानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. पुण्याच्या कुणाकडून मागवलेला तक्ता होता. "ह्याच्यात कोणत्या वाइनसंगं कोणतं चीज ते लिव्हलंय. पण समदी नावं फॉरेनची. तुमच्या चीजला नावच न्हाई. तवा सूनबाईनं यायचं, उभं राहून सांगायचं, ह्याच्यासंगं हे खावा, त्याच्यासंगं ते खावा. नुसतं चीज नको मला. तसं चखण्याला शेंगदाणे बी हायत."

"सांगंल की," गुरुपाद म्हणाले. मग सुनेकडं न बघता, भट्टीवरच्या गड्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "पण आमच्या घरातल्या माणसाच्या तोंडात थेंब जाणार न्हाई. गेला तर त्याच दिवशी खोलीला कुलूप."

म्हणजे वाइन न पिता वाइन शिकवायची. आपल्याकडं बऱ्याच गोष्टी अशाच शिकवल्या जातात, त्यामुळं यात कुणाला विचित्र काही वाटलं नाही.

बुधवारी दुपारी वर्षाराणी तिन्ही चीज डब्यात घालून मळ्यावर गेली. नवरा संगमेश्वर टेम्पोत सोडून पुढं बीडला माल द्यायला गेला. सून एकटी पुढाऱ्याच्या मळ्यावर जाणार नाही म्हणून सासूला बरोबर दिलं होतं. दानम्माचं वय चौसष्ट. गुडघे गेलेले, नाक शाबूत. शेट्यांच्या घरात देवाला दाखवल्याशिवाय कुणी काही चाखत नाही. त्यामुळं कढईतला खवा झाला की नाही, दूध कोणत्या गोठ्यातलं, सरकी जास्त घातली का, हे सगळं दानम्मा चाळीस वर्षं वासावर सांगते. गिऱ्हाइकांना वाटतं गुरुपादांचा हात आहे.

मळ्यावर गहिनीनाथ होता. बीडच्या एका बारमध्ये अकरा वर्षं वाढपी होता, आता इथं सगळं बघतो. त्यानं तीन बाटल्या मांडल्या. पांढरी, लाल आणि जेवणानंतर घ्यायची गोड. वर्षाराणीनं त्याला खुर्चीवर बसवलं.

"तुमी प्या आणि मला नीट सांगा, कशी लागती."

गहिनीनाथनं पांढरी प्याली. "लई भारी."

लाल प्याली. "ही बी भारी."

गोड प्याली. "ताई, ही तर लईच."

"अहो, भारी म्हंजे काय? आंबट हाय, तुरट हाय, जीभ धरती का सोडती?"

गहिनीनाथनं विचार केला. विचार करताना त्याचा डावा गाल फुगला.

"तोंडात काय हाय तुमच्या?"

"तंबाखू. ही असतीच. काढली तर मला कशालाच चव येत न्हाई."

वर्षाराणीनं वही मिटली. मग तिनं स्वतः ग्लास नाकाजवळ नेले. वासाला बंदी नव्हती. पांढरीला कैरी चिरल्यासारखा वास होता. लालला जांभळाचा आणि त्याच्या मागं नव्या चपलेचा. गोडला मनुकांचा. नाकानं एवढं सांगितलं. पण लाल तोंडात गेल्यावर किती तुरट होते, मिऱ्याच्या तिखटाला ती दाबते का भडकवते, हे नाक सांगत नाही. कॉलेजात वाचलं होतं की तुरटाला स्निग्ध आणि खारट लागतं. किती तुरटाला किती स्निग्ध, हे पुस्तकात नव्हतं.

दानम्मा पंख्याखाली बसून सगळं बघत होती. "आण इकडं," ती म्हणाली.

"काय?"

"ती बाटली. लाल."

"आत्याबाई, वाइन हाय ती."

"मला दिसतंय. मी रोज दोन टाइम द्राक्षासव घेते का न्हाई? वैद्यानं सांगितल्यापासून बावीस वर्षं झाली. ते कशाचं असतंय? द्राक्षंच कुजवलेली असतेत की."

"ते औषध हाय."

"मग हे बी औषधच समज. तुझ्या खोलीचं."

गहिनीनाथनं मान दुसरीकडं वळवली. वाढप्याला हे चांगलं येतं. दानम्मानं पदर सावरला, स्टीलचा पेला मागितला, त्यात दोन बोटं लाल वाइन ओतली आणि आपल्या बाटलीतलं तेवढंच पाणी वर घातलं. द्राक्षासव ती असंच घ्यायची. बाटलीवर तसंच छापलेलं असतं, समभाग पाण्यातून. वर्षाराणीनं ते पाहिलं आणि तिला त्यात काहीच दिसलं नाही, कारण चार वर्षं ती हेच दोन वेळा बघत होती. गहिनीनाथलाही काही दिसलं नाही. अकरा वर्षांत त्यानं पाणी किंवा सोडा न घालता पिणारा माणूस पाहिला होता, पण त्याला उचलून रिक्षात घालावं लागायचं.

दानम्मानं घोट घेतला, तोंडात फिरवला. डोळे मिटले. मग मिऱ्याचं चीज खाल्लं, पुन्हा घोट घेतला.

"जांभळाचं पाणी हाय. गूळ कमी पडलाय. कडंला तुरट, आवळ्याच्या बीसारखी. मिऱ्यासंगं चांगली लागती. तिखट मागं राहतंय, ही पुढं पळती."

"आणि मुरलेल्यासंगं?"

"मुरलेलं हिला खाऊन टाकतंय. नुसतं मीठच लागलं मला."

पांढरी तिनं ताज्याबरोबर लावली. "ताकाला लिंबू पिळल्यावानी. बरं हाय." गोड वाइन मुरलेल्या खारट चीजबरोबर. "ही काकवी हाय. खारटासंगं काकवी लागतीच. आमच्या माहेरी पोरं मिठाचा खडा आणि काकवी खायची."

प्रत्येकीत तिनं सारखं पाणी घातलं. वर्षाराणीनं सगळं वहीत उतरवून घेतलं. पुण्याच्या तक्त्यात काळ्या मनुकांचा आणि ओकच्या लाकडाचा उल्लेख होता. वहीत काकवी आणि आवळ्याची बी. वर्षाराणीला वही जास्त खरी वाटली.

परत येताना टेम्पोत दानम्मा म्हणाली, "मामांना सांगायचं न्हाई असं मी म्हणत न्हाई. पण तू व्हऊन सांगू नको."

रविवारी चार वाजता मळ्यावर पस्तीस माणसं जमली. त्यात बायका चार. सीताफळाला पान नव्हतं, त्यामुळं हॉलमधून डोंगर सरळ उघडा दिसत होता. दोघं असे होते की त्यांनी नारायणगडावर जाऊन दारू सोडायची शपथ घेतली होती. त्यांचं म्हणणं, वाइन शपथेत धरत नाहीत. पहिल्या ओळीत आप्पाराव बसले होते. लिंगायत समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष. व्यसनमुक्तीची फेरी निघते तेव्हा फलक त्यांच्याच हातात असतो. वर्षाराणीला बघून ते म्हणाले, "पोरी, मी नुसता बघायला आलोय." त्यांच्या हातात ग्लास होता. दानम्मा मागं कूलरशेजारी बसली होती, तिला त्यांनी पाहिलं नसावं.

वर्षाराणीनं सुरुवात केली. ग्लास दांडीला धरा. आधी वास घ्या. छोटा घोट घ्या, तोंडात ठेवा, मग चीज खा, मग दुसरा घोट. ती पाठ वळवून पुन्हा समोर येईपर्यंत निम्म्यांचे ग्लास रिकामे झाले होते. तिघांनी बोट बुडवून पहिले दोन थेंब जमिनीला दिले होते.

"ताई, सोडा न्हाई का?" मागून एकजण.

"अरे बे, वाइन हाय ती," विजयसिंह म्हणाला. "वाइनमधी काही घालायचं नसतंय. तक्त्यात लिव्हलंय."

पांढरी आणि ताजं चीज जमलं. एका डॉक्टरानं मान हलवली, त्याच्या बायकोनं आणखी चीज मागितलं. "हे तर आपलं पनीरच, पण शिकलेलं," ती म्हणाली आणि लोक हसले. वर्षाराणीचा आवाज मोकळा झाला. तिनं लाल वाढायला सांगितली आणि मिऱ्याच्या चीजच्या बशा फिरल्या.

"आता ह्यात बघा. तिखट मागं राहील, वाइन पुढं जाईल."

तसं झालं नाही. डॉक्टर खोकला. ठेकेदारानं डोळे पुसले. कोरी लाल वाइन मिऱ्यावर पडली आणि घशात जाळ झाला. जीभ तुरट, त्यावर तिखट, वर कडवट.

"ओ बाई, मिरची कावून घातली ह्याच्यात?"

"बिब्बा घातला का काय!"

"शेंगदाणे आणा रे."

शेंगदाणे आले तर चीज गेलं, आणि चीज गेलं तर खोली गेली. विजयसिंह तिच्याजवळ आला आणि हसरा चेहरा ठेवून दातातून बोलला. "पावण्यांम्होरं शोभा केली माझी. कुणी चाखून ठरवलं हे? गहिन्या, तू?"

गहिनीनाथ हातात ट्रे घेऊन उभा होता. त्यानं तोंड उघडलं नाही. तंबाखू होतीच, पण बुधवारी कुणी चाखलं हेही त्यानं पाहिलं होतं. त्यानं वर्षाराणीकडं पाहिलं. ती हो म्हणाली असती तर तो रविवार त्याचा शेवटचा असता. आणि हो म्हणणं सोपं होतं. सगळ्यांनी मानलंही असतं.

मागून दानम्माचा आवाज आला. तिनं शेजारच्या बाईचा ग्लास नाकाला लावला होता.

"पाणी न्हाई घातलं व्हय ह्याच्यात?"

हॉल हसला. विजयसिंह हसला नाही. वर्षाराणीला मात्र बुधवारचा स्टीलचा पेला दिसला. दोन बोटं वाइन, दोन बोटं पाणी. पुढं पळणारी जी वाइन दानम्मानं सांगितली होती ती या ग्लासात नव्हतीच.

"चूक माझी हाय," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, कारण लोक आपसात बोलायला लागले होते. "गहिनीनाथभाऊंचा संबंध न्हाई. ज्या जिभेनं मी हे ठरवलं, ती सारखं पाणी घालून चाखत होती. मी समोर होते, माझ्या ध्यानात आलं न्हाई. तुमच्या ग्लासात कोरी हाय. कोरी असंल तर मिऱ्याचं बाजूला ठिवा. भाऊ, मुरलेलं आणा."

"कुणाची जीभ?" आप्पारावांनी विचारलं. ते खुर्चीत पूर्ण वळून बसले होते. "पोरी, तू शेट्यांची सून. कुणाची जीभ म्हणायची ही?"

वर्षाराणीला खोटं सुचत नव्हतं आणि खरं तिचं नव्हतं.

"माझी," दानम्मा म्हणाली. गुडघ्यावर हात देऊन ती उठली. "काय म्हणणं हाय?"

"दानम्माकाकू! तुमी? गळ्यात लिंग घालून?"

"आप्पाराव, तुमचा कितवा हाय हा?"

आता जो हशा झाला तो पत्र्याला लागला. आप्पारावांनी ग्लास खुर्चीखाली ठेवला, तो कलंडला, आणि प्लास्टिकच्या गवतात लाल डाग पडला.

मुरलेलं चीज आलं. कोरी लाल आणि मुरलेलं, डॉक्टरानं पहिल्यांदा खाल्लं. थांबला. पुन्हा खाल्लं. "अरे, आता तुरटपणा गेला."

"चरबी हाय ह्याच्यात, आणि मीठ," वर्षाराणी म्हणाली. "जांभूळ खाल्ल्यावर जीभ धरती, मग आपण मीठ लावतो, तसंच. ज्यांना पाणी घालून पाहिजे त्यांनी अर्धं पाणी घाला आणि मिऱ्याचं खावा. ज्यांना कोरी पाहिजे त्यांनी हे. दोन्ही करून बघा आणि मला सांगा."

पाण्याचे तांबे फिरले. पस्तीस माणसं तासभर जे मागायला लाजत होती ते त्यांना मिळालं. मिऱ्याच्या बशा रिकाम्या झाल्या, मग मुरलेल्याच्या. लोक एकमेकांच्या ग्लासातलं चाखून वाद घालायला लागले, आणि वाइन शिकायची म्हणजे बहुतेक हेच असावं. शेंगदाण्याची ताटली कुणी आणली होती ती तशीच राहिली. विजयसिंह आधी रागावून बघत होता. मग त्यानं पाहिलं की पाणी घातल्यावर बाटली दुप्पट माणसांना पुरतेय, आणि त्याचा राग उतरला.

आप्पाराव मात्र सीताफळाच्या झाडांमागं जाऊन फोनवर बोलत होते. सुनेनं दारू वाढली, सासू प्यायली, मंडळाची अब्रू गेली. स्वतःच्या ग्लासाबद्दल बोलले नसावेत.

टेम्पो पाटोद्याला पोचला तेव्हा दिवस मावळायचा होता. मागच्या खोलीला कुलूप लागलं होतं. किल्ली गुरुपादांच्या कंबरेला.

"खरं का?" त्यांनी बायकोला विचारलं.

"खरं."

"गळ्यात लिंग असताना?"

"मग काढून ठिवायचं होतं का? ते तर त्याच्याहून वाईट."

गुरुपादांचा आवाज वाढला. "उद्या मठात जायचं. पाया पडायचं, चुकलं म्हणायचं. उद्यापासून समाजातलं एक माणूस खवा न्यायला येणार न्हाई, कळतंय का तुला? चार पिढ्याचं दुकान!"

"मठात जाईन की. चुकलं म्हणणार न्हाई. खोकल्याला प्याले तर पुण्य आणि सुनेसाठी प्याले तर पाप, हे मला स्वामींनी समजावून सांगावं."

"आणि मामा," वर्षाराणी म्हणाली, "आत गोळे हायत. उलटावं लागतंय रोज."

"राहू दे कुजत."

संगमेश्वर टेम्पोचा पाना घेऊन बाहेर गेला. बिघाड काही नव्हता.

सोमवारी गुरुपाद सकाळी साडेपाचपासून गल्ल्यावर बसून होते. सहाला माणसं आली. समाजातली आली, बाहेरची आली. लग्नाच्या याद्या घेऊन आली. कुणी काही विचारलं नाही. आप्पाराव स्वतः आले नाहीत, त्यांनी पुतण्याला पाठवलं; मुलीच्या हळदीला वीस किलो पाहिजे होता. पाटोद्यात धर्म काही बुडाला नाही. खवा मात्र अकरालाच संपला, आणि मठात जायचं राहूनच गेलं.

तरी कुलूप तसंच राहिलं. माणूस चुकला हे त्याला कळणं आणि त्यानं किल्ली काढणं यात आपल्याकडं बरंच अंतर असतं. वर्षाराणी खोके दुमडत बसली. कुलपाच्या फटीतून वास यायला लागला होता. दानम्मा दोनदा येऊन तिथं उभी राहिली आणि म्हणाली, "खालच्या फळीवरचे ओले झालेत."

मंगळवारी दुपारी गहिनीनाथ आला. दुकानात गर्दी होती. त्यानं तंबाखू थुंकली, तोंड पुसलं, मग बोलला. "शेट, साहेबांनी पुढच्या रविवारचं सांगितलंय. साठ माणसं हायत. डॉक्टरसाहेब माजलगावचे पावणे आणणार हायत. तिन्ही चीज दुप्पट."

"बंद केलंय आमी ते."

"तसं तुमीच सांगा," गहिनीनाथ म्हणाला आणि चालू फोन त्यांच्यापुढं धरला. "लाइनवर हायत."

गुरुपादांनी फोन कानाला लावला. "व्हय साहेब. न्हाई, न्हाई, तसं न्हाई. व्हय. टेम्पो तिथंच असतो, व्हय साहेब." कानाशी फोन धरूनच त्यांनी कंबरेची किल्ली काढली आणि सुनेपुढं केली.

वर्षाराणीनं हातातला खोका पूर्ण दुमडला. किल्ली घेतली नाही.

"मामा, मी जाईन. पण आत्याबाई येतील माझ्यासंगं, आणि नवी बाटली आली की आधी त्या चाखतील. त्यांच्याबिगर मला सांगता यायचं न्हाई, रविवारी समद्यांनी बघितलंय. हे चालत असंल तर खोली तुमी उघडा. चालत नसंल तर साहेब लाइनवर हायत."

दुकानातले लोक याद्या वाचायचे थांबले. फोनमधून विजयसिंहाचा आवाज येत होता, शेट, शेट, आवाज येतोय का. गुरुपादांनी दानम्माकडं पाहिलं. ती खव्याच्या कढईकडं बघत होती.

"येतील," ते फोनमध्ये म्हणाले. "दोघी येतील."

त्यांनी स्वतः जाऊन कुलूप काढलं. देवाच्या नावानं लावलेलं कुलूप पुढाऱ्याच्या नावानं निघालं. वर्षाराणीला त्याचं काही वाटलं नाही. तिला खोली पाहिजे होती.

आत उग्र वास होता. तिनं खालच्या फळीवरून सुरुवात केली. दोन गोळे हाताला मऊ लागले, ते तिनं बादलीत टाकले. बाकीचे मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसून एकेक उलटा ठेवू लागली. दानम्मा पुसलेले हुंगून पुढं सरकवत होती. गुरुपाद चौकटीत उभे होते. दोन वर्षांत ते पहिल्यांदाच तिथं एवढा वेळ उभे राहिले असतील.

"हे रोज करावं लागतंय?" त्यांनी विचारलं.

"रोज," वर्षाराणी म्हणाली.

बाहेरून कुणीतरी शेट म्हणून हाक मारली आणि ते गेले. अजून तीन फळ्या राहिल्या होत्या.